हळू बोला, पत्ता विचारायचाय

मराठी माणसाला पत्ता विचारला की त्याच्या अंगात उत्साह संचारतो. मिसळ कुठली चांगली, उत्पन्नाच्या दाखल्याला कुणाला भेटायचं, मिक्सरचं भांडं कोण नीट करून देतो, काहीही विचारा. विचारलेला माणूस सांगतोच, शिवाय शेजारून जाणारा स्कूटर थांबवून त्यात दुरुस्ती सुचवतो. मूळव्याधीच्या वैद्याचा पत्ता तर आम्ही भर पंगतीत, जिलबीचा आग्रह चाललेला असताना, चार पानांपलीकडे ओरडून विचारतो. त्याचं कुणालाच काही वाटत नाही, जिलबीलाही नाही.

एकाच पत्त्याला आवाज खाली जातो. घरातल्या तरुण मुलाचं किंवा मुलीचं मन ठिकाणावर नसेल, किंवा त्यांना कसली तरी सवय लागली असेल, तर जायचं कुठे?

मी आयुष्यभर शाळेत शिकवलं, त्यामुळे जिल्ह्याच्या या गावात अर्धी माणसं मला अजून ‘बाई’ म्हणतात आणि असले फोन मला येतात. या फोनची रचना ठरलेली असते. तो ‘सहजच’ केलेला असतो. सहज केलेला फोन रात्री साडेनऊनंतर गच्चीवरून येतो आणि मागे टाकी भरल्याचा आवाज असतो. आधी पाऊस होतो, मग तूरडाळ, मग माझा गुडघा. माझ्या गुडघ्याची इतकी आस्थेने चौकशी सख्ख्या लेकानेही केलेली नाही. मग “बरं बाई, ठेवते” असं दोनदा होतं, आणि दुसऱ्या ‘ठेवते’नंतर खरा फोन सुरू होतो.

“बाई, आमच्या ओळखीत एक जण आहेत. त्यांचा मुलगा बारावीला आहे. झोपत नाही, धड जेवत नाही, खोलीतून बाहेर येत नाही. कुणी चांगलं माहितीय का तुम्हाला?”

“कधीपासून चाललंय?”

“आमच्याकडे गणपती बसले तेव्हापासून. म्हणजे, त्यांच्याकडे.”

हा फोन येईपर्यंत घरगुती उपचारांचा अख्खा कोर्स झालेला असतो. त्याचा क्रमही साऱ्या महाराष्ट्रात सारखाच. पहिला उपचार म्हणजे मोबाइल काढून घेणे. तो वडील काढून घेतात आणि मग स्वतःच्या मोबाइलवर रात्री एकपर्यंत ‘मुलांना मोबाइलपासून कसं वाचवाल’ याचे रील्स बघत बसतात.

दुसरा उपचार मामा. प्रत्येक घरात एक मामा समुपदेशनासाठी राखून ठेवलेला असतो. त्याची पात्रता एवढीच, की अकरावीत नापास होऊन तो घरातून पळाला होता आणि आज त्याची सिमेंटची एजन्सी आहे. मामा भाच्याला हायवेवरच्या हॉटेलात नेतो, “मला मित्र समज” म्हणतो आणि पुढचे दोन तास स्वतःचा संघर्ष सांगतो. भाचा मुकाट्याने पनीर खातो. परतल्यावर मामाचा अहवाल येतो, “काही नाही गं ताई, पोरगा एकदम नॉर्मल आहे. मी बोललो त्याच्याशी.” यात खोटं काहीच नसतं. मामा बोललेलाच असतो.

तिसऱ्या टप्प्यात मीठ-मोहरी आणि पत्रिका. पत्रिकेत शनी सापडतोच, तो कुठे जाणार? चौथ्यात बदाम, सूर्यनमस्कार आणि जिमची वर्षभराची फी, जी परत मिळत नाही. आणि वय बसत असेल तर पाचवा, रामबाण उपचार म्हणजे लग्न. “लग्न झालं की येईल ताळ्यावर.” म्हणजे परक्या घरच्या एका मुलीची, तिला न विचारता, बिनपगारी आणि चोवीस तासांची नर्स म्हणून नेमणूक. तिचं मन ठिकाणावर राहील का, हा प्रश्न तिच्या मामाने बघायचा.

मुलाचं मन बिघडलं असेल, असं मात्र कुणी म्हणत नाही. त्याऐवजी एक ठरलेलं वाक्य म्हणतात, “आमच्या वेळी हे असलं काही नव्हतं.” मला त्या वेळचे वाडे आठवतात. जवळजवळ प्रत्येक वाड्यात माडीवर एक काका असायचे. ते खाली येत नसत, त्यांचं ताट वर जायचं, आणि पाहुणे आले की माडीचं दार लोटून घेतलं जायचं. एखादी आत्या असायची, जी वर्षातून काही महिने स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसून असे आणि तिला सगळे ‘शांत स्वभावाची’ म्हणत. म्हणजे तेव्हाही सगळं होतंच, दाराला कडी होती इतकंच. मोठेपणी दिसणाऱ्या मानसिक आजारांपैकी निम्म्यांची सुरुवात चौदा वर्षांच्या आतबाहेर होते, असं जागतिक आरोग्य संघटना कधीची सांगतेय. माडीवरचे काकाही कधीतरी नववीत असतील. तेव्हा त्यांना कुणी कुठे नेलं असतं तर पुढची चाळीस वर्षं ताट वर न्यावं लागलं नसतं.

मामा, शनी आणि बदाम हरले की मग दवाखान्याची पायरी. आमच्या गावात मानसोपचाराचा दवाखाना दुसऱ्या मजल्यावर आहे आणि पहिल्यावर दंतवैद्य. त्यामुळे त्या जिन्यावर दिसलेला प्रत्येक माणूस गाल धरून चढतो. त्या जिन्यावरची वर्दळ पाहिली, तर या गावात एकाचाही दात धड नसावा, असं परगावच्या माणसाला वाटेल. गाडी दोन गल्ल्या सोडून भाजीमंडईपाशी लावायची आणि हातात कोथिंबिरीची जुडी ठेवायची, म्हणजे कुणी विचारलंच तर पुरावा तयार. वेटिंग रूममध्ये सगळे एकाच वर्तमानपत्राच्या वेगवेगळ्या पानांमागे बसतात. समोर शेजारी निघालाच तर दोघं एकदमच म्हणतात, “मी विम्याच्या कामाला आलो होतो.”

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलाय. उपचार करणाऱ्यांना त्याची माहिती बाहेर फोडता येत नाही. कायदा चांगलाच आहे. पण आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू उपचार करत नसल्यामुळे त्यांना तो लागू होत नाही.

बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये देशभर पाहणी केली होती. निरनिराळ्या मानसिक आजारांत उपचारांपर्यंत न पोचलेल्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्के निघालं. म्हणजे दहातले सात ते नऊ जण अजून मामाच्याच उपचाराखाली आहेत. डॉक्टर कमी आहेत हे खरंच. त्या पाहणीच्या वेळी लाख माणसांमागे एक पूर्ण मानसोपचारतज्ज्ञसुद्धा वाट्याला येत नव्हता. पण जी दारं उघडी आहेत, त्यांचा तरी पत्ता आपल्याला ठाऊक असतो का?

आता सिव्हिलचंच घ्या. आमच्या लेखी सरकारी दवाखाना म्हणजे कुत्रं चावल्यावर जायची जागा. त्या इंजेक्शनच्या रांगेत उभं राहून नीट इकडेतिकडे बघितलं, तर ‘मैत्री क्लिनिक’ अशी पाटी दिसते. २०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याखाली १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी जी केंद्रं चालतात, त्यांना आपल्याकडे हे नाव आहे. तिथे समुपदेशक असतात. मुरुमांपासून मासिक पाळीपर्यंत, मार्कांपासून तंबाखूपर्यंत आणि प्रेमभंगापासून झोपेपर्यंत सगळ्याबद्दल तिथे बोलता येतं. यातली मोठी सोय अशी, की आत गेलेलं पोर कशासाठी गेलं हे बाहेरच्या रांगेला कळत नाही. फार तर कुत्रं चावलं असेल असं वाटतं, आणि त्यात बदनामी झाली तर कुत्र्याची. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमही याच आवारात असतो. तिथे मानसोपचारतज्ज्ञ भेटतात आणि औषधंही मिळतात.

कॉलेजातही समुपदेशन कक्ष असतो, नियमाने असावाच लागतो. पण तो प्राचार्यांच्या केबिनला लागून असतो आणि तिथे जायला स्टाफरूमसमोरून जावं लागतं. मी पाहिलेल्या एका कक्षात एनएसएसची फावडी ठेवलेली होती. मन मोकळं करायला गेलेला मुलगा श्रमदान करून परत आला असता.

कुठेच जायचं धाडस होत नसेल तर फोन आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली मानस’ सुरू आहे. नंबर १४४१६, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत. मी एका ‘ओळखीच्या एकां’ना तो दिला तेव्हा त्यांनी शंका काढली, “सरकारी आहे ना? मग ‘मराठीसाठी दोन दाबा’ करत बसतील.” करतात की. भाषा निवडावी लागते. पण त्यानंतर माणूस बोलतो, प्रशिक्षण घेतलेला माणूस, आणि गरज वाटली तर पुढे तज्ज्ञांशी जोडून देतो. गॅस सिलिंडरसाठी आपण याहून किती तरी जास्त बटणं दाबतो. अठरा वर्षांखालच्यांसाठी १०९८ आहेच. आणि एक गोष्ट मी विनोद बाजूला ठेवून सांगते. पोर ‘जगण्यात काही अर्थ नाही’ अशा अर्थाचं काही बोललं, तर मामाच्या सुट्टीची वाट बघायची नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, नाहीतर त्याच मिनिटाला फोन लावायचा, आणि तोवर त्याला एकटं सोडायचं नाही.

व्यसनाच्या गल्लीत तर पत्त्यांचा गोंधळ आणखी मोठा आहे, कारण तिथे सरकारही गोंधळात आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याची कृपा अशी, की महाराष्ट्रात विदेशी दारू प्यायला परवाना लागतो आणि तो मिळतो ‘आरोग्याचं जतन आणि संवर्धन’ या कारणासाठी. एका दिवसाचा मिळतो आणि आजन्मही मिळतो. वयाची पंचविशी ओलांडली की आपला तरुण अधिकृतपणे तब्येतीसाठी पितो. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण गुटखा खाणाऱ्यांना ही बातमी अजून कळलेली दिसत नाही. शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायला मनाई आहे, म्हणून आमच्या शाळेजवळची टपरी रस्त्यापलीकडे गेली आणि पोरांना रस्ता ओलांडायची शिस्त लागली. ई-सिगारेटवर २०१९ पासून बंदी आहे. ती दिसते पेनड्राइव्हसारखी. आमच्या इमारतीतल्या एका माउलीने लेकाच्या दप्तरात सापडलेली ती वस्तू ‘प्रोजेक्ट असेल’ म्हणून लॅपटॉपला लावायचा बराच प्रयत्न केला. शेवटी ‘हिला आंब्याचा वास का येतोय?’ म्हणून ती विचारायला आली. मुलींचं तर विचारूच नका. आपल्या मुली व्यसन करत नाहीत, असं ठामपणे सांगणाऱ्या आजी ते सांगता सांगता मशेरीची डबी उघडतात.

दारू सोडवणाऱ्यांच्या जाहिराती विजेच्या प्रत्येक खांबावर आहेत. ‘न सांगता दारू सोडवा.’ भाजीत कालवून द्यायचं, पिणाऱ्याला पत्ता लागू द्यायचा नाही. दारू सोडवणाऱ्या खऱ्या औषधांपैकी एक असं आहे, की ते पोटात असताना वर दारू पडली तर जिवावर बेतू शकतं. ते डॉक्टरच्या देखरेखीखाली आणि घेणाऱ्याच्या संमतीनेच द्यायचं असतं, कोबीच्या भाजीतून नव्हे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एका झटक्यात तोडणंही धोक्याचं असतं. त्याला झटके येऊ शकतात. म्हणजे ‘आजपासून बंद!’ ही वडिलांची गर्जनासुद्धा डॉक्टरला विचारून करावी.

केंद्र निवडताना तर आपली अक्कल गहाण पडते. मंगल कार्यालय ठरवताना आपण किती चौकस असतो! जनरेटर आहे का, खोल्या किती, पाणी पुरेल का, आचारी बाहेरचा चालेल का, मागच्या लग्नात काही भानगड झाली होती का. तीच माणसं पोटच्या पोराला महिनाभर जिथे ठेवायचं, त्या जागेबद्दल एकच प्रश्न विचारतात, “लगेच घेऊन जाल ना?” रात्री गाडी येते, चौघं उतरतात आणि पोराला उचलून नेतात. नोंदणी आहे का, डॉक्टर कोण, घरच्यांना भेटू देतात का, मारहाण करतात का, हे कोण विचारणार? साखळीने बांधणं २०१७ च्या कायद्याने गुन्ह्यात मोडतं, हे तर काही केंद्रांच्या गावीही नसतं. भेटायला बंदी असलेलं केंद्र कितीही स्वस्त असो, तिथून माघारी फिरावं. सरकारचा व्यसनमुक्तीसाठीचा वेगळा फोन आहे, १४४४६. जवळचं केंद्र कुठलं, हे तिथे विचारता येतं.

चांगली केंद्रं आहेत, आणि त्यातल्या एकाच्या जन्माशी एका विनोदी लेखकाचा संबंध आहे, याचा मला फार आनंद वाटतो. ऐंशीच्या दशकात ब्राउन शुगर, म्हणजे गर्द, पुण्यामुंबईच्या कॉलेजांतल्या पोरांपर्यंत पोचली. अनिल अवचटांनी त्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई इतके अस्वस्थ झाले, की या पोरांसाठी काहीतरी उभं करा म्हणून त्यांनी पैसे देऊ केले. अवचटांच्या पत्नी डॉ. सुनंदा येरवड्याच्या मनोरुग्णालयातच काम करत होत्या. त्यांच्या पुढाकाराने २९ ऑगस्ट १९८६ रोजी ‘मुक्तांगण’ सुरू झालं. अख्ख्या महाराष्ट्राला हसवणाऱ्या माणसाला या विषयात हसण्यावारी न्यायचं काय आणि गंभीरपणे घ्यायचं काय, हे नेमकं कळत होतं. तिथे आता स्त्रियांसाठी वेगळा विभाग आहे आणि घरच्यांनाही बसवून बोलतात, कारण व्यसन एकाला लागलं तरी घर सगळंच आजारी पडतं. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मनाच्या आरोग्यासाठीची संस्था आहे. आणि अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा तर गावोगावी भरतात, बहुतेकदा एखाद्या शाळेच्या वर्गात. माझ्या माहितीतली ही एकमेव मराठी सभा, जिथे हारतुरे नसतात, प्रास्ताविक नसतं, अध्यक्षीय समारोप नसतो आणि कुणी कुणाला आडनाव विचारत नाही.

या सगळ्या जागांमध्ये एक गोष्ट सारखी आहे. तिथे कुणीतरी ऐकून घेतं. आपल्याला नेमकी त्याचीच सवय नाही. समोरच्याने “झोप येत नाही” म्हटलं, तर तीन सेकंदांच्या आत आपण “जायफळ घे” म्हणतो. आपला सल्ला नेहमी पंपावरच्या हवेसारखा फुकट मिळतो. ऐकून घेणं शिकवता येतं, हे गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने दाखवून दिलं. त्यांनी साध्या माणसांना, ज्यांच्याकडे ना डॉक्टरकी होती ना मानसशास्त्राची पदवी, नीट प्रशिक्षण देऊन प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. दारूचं प्रमाण हाताबाहेर चाललेल्या पुरुषांशी ते मोजक्या भेटींत बोलले, आणि फरक पडला. तो अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. नाशिक जिल्ह्यात ‘आत्मीयता’ प्रकल्पाने गावातल्याच माणसांना असं तयार केलं. याचा अर्थ मामासुद्धा उपयोगी पडू शकतो. त्याला फक्त पहिला अर्धा तास गप्प बसायला शिकवलं पाहिजे. सिमेंटची एजन्सी नंतर सांगता येईल.

हे सगळे पत्ते मी गच्चीवरच्या कुजबुजीत एकेकाला किती दिवस सांगणार? म्हणून यंदा सोसायटीच्या वार्षिक सभेत, पार्किंग आणि कबुतरं हे विषय संपल्यावर, मी उभी राहिले. म्हटलं, आपल्या नोटिस बोर्डावर प्लंबर, टँकर, केबलवाला आणि शववाहिका यांचे नंबर आहेत. त्यात हेही घाला. सभेत अशी शांतता पसरली, जी कबुतरांच्या विषयातही पसरली नव्हती.

सेक्रेटरी म्हणाले, “बाई, कल्पना उत्तम आहे. पण फ्लॅट बघायला आलेल्या माणसाने हे वाचलं तर भाव पडतील.”

मी म्हटलं, “शववाहिकेने नाही पडत?”

“ती सगळ्यांनाच लागते.”

“मग तिच्या आधी लागणारा नंबर लावायला काय हरकत आहे?”

यावर खजिनदारांनी छपाईचा खर्च किती येईल असं विचारलं. म्हणजे ठराव मंजूर झाला. ‘इतर सेवा’ या मथळ्याखाली, पेस्ट कंट्रोलच्या खाली, लहान अक्षरांत लावायचं ठरलं. टाइप सेक्रेटरींनी स्वतः केलं आणि घाईत १४४१६ चं १४४६१ केलं. कमिटीच्या सात जणांनी कागद तपासून सह्या केल्या. एकाच्याही लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला उतरले तर तो आकडा निळ्या पेनाने दुरुस्त केलेला होता, एका रेघेने नीट खोडून, वर सुवाच्य अक्षरात. हा नंबर मोठ्यांपैकी कुणालाच पाठ नाही, हे आदल्या दिवशीच सिद्ध झालं होतं. आणि आयुष्यभर वह्या तपासलेल्या बाईला अक्षर ओळखायला किती वेळ लागतो! पण ते कुणाचं, हे मी तुम्हालाही सांगणार नाही.

सेक्रेटरी मात्र भडकले होते. “बोर्डावर खाडाखोड कुणी केली? आत्ताच्या आत्ता सीसीटीव्ही बघतो.”

मी म्हटलं, “बघू नका. त्या कागदावर तेवढं एकच उत्तर बरोबर आहे, आणि त्याला मी पैकीच्या पैकी मार्क दिलेत.”